ऐंशीच्या वर नाही

साहेबांनी आयुष्यात कुणाला ऐंशीच्या वर टक्के दिले नव्हते. सबस्टेशनचे प्रमुख होते तेव्हा हाताखालच्या लोकांचे गोपनीय अहवाल दरवर्षी त्यांच्या टेबलावर यायचे, आणि अंगात ताप असताना येऊन ब्रेकर दुरुस्त करणाऱ्या माणसालाही साहेब अठ्ठ्याहत्तर देऊन मोकळे व्हायचे. वरचे दोन हाताशी ठेवायचे, उद्या याच्याहून बरा कुणी निघाला तर पंचाईत नको. ऐंशीच्या पुढचे वीस कुणासाठी होते हे कुणालाच कळलं नाही. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी खोड गेली नव्हती. आता अहवाल मागणारं कुणी नव्हतं, म्हणून ते मनातल्या मनात टक्के वाटत हिंडायचे. पेपर टाकणारा पस्तीस. समोरचा न्हावी वीस, तेही दुकान वेळेवर उघडतो म्हणून. जावई बावन्न. लेक पासष्ट; आधी सत्तर होती, लग्नानंतर पाच कापले. बायको पंच्याहत्तर, आणि हे त्यांनी तिला लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवशी बोलूनही दाखवलं होतं, दागिना हातात ठेवावा अशा थाटात. बायकोला सगळी गल्ली माई म्हणायची. माईनं त्या दिवशी काय उत्तर दिलं ते साहेबांना आठवत नाही, कारण ते त्यांनी ऐकलंच नव्हतं.

घरातली बॅटरीही याच शिस्तीत वाढली. तीन वर्षांपूर्वी छपरावर सोलरची पॅनलं बसली आणि जिन्याखालच्या कोनाड्यात कपाटाएवढी पांढरी बॅटरी येऊन उभी राहिली, दहा युनिटांची. दिवसा उन्हावर भरायची, संध्याकाळी घर चालवायचं, आणि गल्लीतली वीज गेली, आणि तिच्यासोबत पॅनलंही आपोआप बंद झाली, की सगळा भार एकटीनं अंगावर घ्यायचा, एवढं तिचं काम. तिचा स्क्रीन जिन्याच्या भिंतीवर होता, मधल्या पायरीच्या उंचीवर. बसवणाऱ्या कारागिरानं ती शंभर टक्के भरेल अशी लावून दिली होती. साहेबांनी त्याच्याकडून दटावून पासवर्ड काढून घेतला आणि तो गल्लीच्या बाहेर पडायच्या आत वरची मर्यादा ऐंशीवर आणली, खालची पन्नासवर. काठोकाठ भरलेली कुठलीही गोष्ट लवकर बिघडते असं त्यांचं ठाम मत होतं, मग ते पोट असो, पेला असो की कौतुक केलेलं मूल. मोबाइलची बॅटरी पूर्ण भरू नये असं त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलंही होतं. ही बॅटरी मोबाइलची नाही, या तपशिलात शिरायची त्यांना गरज वाटली नाही.

निगा मात्र त्यांनी राखली, हे कबूल करायला हवं. रोज सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला ते स्क्रीनसमोर उभे राहून रजिस्टरात नोंद करायचे: टक्के, व्होल्टेज, तापमान, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात ‘ठीक’ लिहायचे. ‘उत्तम’ हा शब्द अख्ख्या रजिस्टरात नव्हता. दर रविवारी रंगाच्या मऊ ब्रशनं हवेच्या जाळ्यांतली धूळ झाडायची, दर तीन महिन्यांनी वीज तोडून जोडण्यांचे स्क्रू तपासायचे, कोनाड्यात खोकी ठेवू द्यायची नाहीत. माईनं एकदा तिथे केरसुणी ठेवली होती तर तिला अर्धा तास भाषण ऐकावं लागलं.

माईचं खुब्याचं हाड दोन वर्षांपूर्वी मोडलं आणि जिना तिला बंद झाला. झोपायची खोली वर, स्वयंपाकघर आणि रस्त्याकडची खिडकी खाली. त्या खिडकीशी बसून ती गल्लीभरच्या कपड्यांना काज-बटणं करायची आणि गल्लीभरच्या बातम्या इकडून तिकडे पोचवायची. म्हणून जिन्याला खुर्ची बसवली. रुळावरून घरंगळत वरखाली करणारी, एका फेरीला दीड मिनिट घेणारी. त्या खुर्चीच्या पोटात तिच्या स्वतःच्या दोन छोट्या बॅटऱ्या होत्या, वीज गेली तर माणूस अधांतरी राहू नये म्हणून. साहेबांनी त्या पहिल्याच आठवड्यात काढून टाकल्या. घरात दहा युनिटांची बॅटरी असताना खुर्चीनं वेगळा संसार कशाला थाटायचा, हा त्यांचा सवाल होता, आणि त्याचं उत्तर द्यायच्या फंदात कुणी पडलं नाही.

उत्तर एका मंगळवारी सकाळी अकराला मिळालं. गल्लीतली वीज गेली, घर बॅटरीवर गेलं. स्क्रीन बासष्ट दाखवत होता. माई खुर्चीत बसून खाली येत होती, मांडीवर कुणाचा तरी सदरा. सातव्या पायरीशी खुर्ची थांबली, फ्रिजची घरघर थांबली आणि स्क्रीन काळा पडला. साहेब धावत आले, ते स्क्रीनपाशी.

“बासष्टवर बंद पडूच शकत नाही,” ते म्हणाले. हे त्यांनी माईला सांगितलं नाही, बॅटरीला सांगितलं.

माई म्हणाली, आधी मला उतरवा. साहेब म्हणाले, दोन मिनिटं थांब, कारण शोधू दे. मग त्यांनी पेचकस आणला, विजेरी आणली, रजिस्टर आणलं, मागच्या महिनाभराच्या नोंदी चाळल्या, सगळ्या ‘ठीक’ होत्या. बटणं दाबली, सोडली, पुन्हा दाबली. माई त्या काळ्या स्क्रीनकडे तोंड करून चाळीस मिनिटं बसून राहिली. शेवटी तिनं तिथूनच समोरच्या न्हाव्याला मोठ्यानं हाक मारली. न्हावी खिशात कात्री तशीच ठेवून आला, त्याच्यामागे अर्ध्या गालाला साबण फासलेलं गिऱ्हाईक आलं, आणि दोघांनी माईला अलगद उचलून खाली आणलं. साहेबांनी त्यांना एकच सूचना केली, वायर तुडवू नका म्हणून. पाच मिनिटांत वीज आली, स्क्रीन उजळला आणि काही घडलंच नाही अशा थाटात पुन्हा बासष्ट दाखवू लागला.

ही गोष्ट लेकीला कळायला अर्थातच तासभर पुरला. न्हाव्याच्या दुकानात पोचलेली गोष्ट दडत नाही. लेक गावाच्या दुसऱ्या टोकाला तळमजल्यावर राहायची. दुसऱ्याच दिवशी आली आणि आवाज न चढवता बोलली. साहेबांना हेच जास्त झोंबलं, कारण चढलेल्या आवाजाला त्यांच्याकडे उत्तरं तयार असायची. गल्लीच्या तोंडाशी नोटीस लागली होती: येत्या नव्हे, त्याच्या पुढच्या रविवारी तारा बदलायच्या म्हणून नऊ ते एक वीज बंद. लेक म्हणाली, मी त्या दिवशी येऊन बसते. घर चार तास चाललं तर आई इथे राहील. नाही चाललं तर मी तिला माझ्याकडे नेणार, आणि मग बाबा, तुम्ही तुमच्या बॅटरीपाशी बसा.

माईला जायचं नव्हतं. तिनं ते दोघांसमोर स्वच्छ सांगितलं. लेकीकडच्या खोलीची खिडकी भिंतीवर उघडते, जावई न्हाणीघरात शिट्टी वाजवतो, आणि इथे माझी सगळी माणसं आहेत, ती म्हणाली. “मला हेच घर हवंय. पण खुर्चीत बसताना छातीत धडधडायला नको, एवढं करा.” साहेबांनी मान हलवली. माईचं म्हणणं त्यांना पंच्याहत्तर टक्के पटलं.

शुक्रवारी बॅटरीच्या कंपनीकडून सर्व्हिसवाली बाई आली. चाळिशी उलटलेली, चष्मा दोरीनं गळ्यात, एक गुडघा दुखरा, त्यामुळे कुठेही गेली तरी आधी स्टूल मागायची. साहेबांनी दारातच विचारलं, पुरुष माणूस नाही का पाठवला. बाई म्हणाली, होता एक, त्याला जिने जमत नाहीत. साहेबांनी तिला तिथल्या तिथे चाळीस देऊन टाकले.

ती तासभर स्टुलावर बसून लॅपटॉपला वायर लावून आकडे बघत राहिली. साहेब पाठीशी उभे. मध्येच ती म्हणाली, इतकी स्वच्छ ठेवलेली बॅटरी मी बघितली नाही. साहेब म्हणाले, ते मला माहीत आहे. मग तिनं चष्मा खाली सोडला आणि बोलायला लागली, नळाचा पाझर समजावून सांगावा इतक्या साध्या आवाजात.

“साहेब, हा मीटर आत डोकावून बघत नाही. आत किती गेलं, बाहेर किती आलं, याची बेरीज-वजाबाकी करतो. रोज थोडं चुकतो. बॅटरी पूर्ण भरली की त्याला कळतं, हे शंभर, आणि तिथून तो नव्यानं मोजायला लागतो. तुम्ही तीन वर्षं त्याला शंभर दाखवलेलंच नाही. तो बासष्ट म्हणतो तेव्हा आत दहासुद्धा नसतील.”

शिवाय आत सोळा सेल आहेत, ती म्हणाली, पूर्ण भरताना ते एका पातळीला येतात. ती संधीच न मिळाल्यामुळे एक मागे पडलाय, आणि तो रिकामा झाला की सगळ्यांना बंद पाडतो. उपाय सोपा होता. वरची मर्यादा शंभर करायची आणि दोन-तीन दिवस तशीच ठेवायची. नव्व्याण्णववर तासन्‌तास अडेल, तेव्हा घाबरून हात लावायचा नाही. मग महिन्यातून एकदा तरी पूर्ण भरू द्यायची. आणि खुर्चीच्या बॅटऱ्या परत घाला, कृपा करा.

साहेबांनी विचारलं, तुमचं शिक्षण. बाई म्हणाली, डिप्लोमा. साहेबांनी नुसतं “हं” म्हटलं, आणि त्या एका अक्षरात तिचा सगळा डिप्लोमा गुंडाळून तिच्या हातात दिला. मग त्यांनी सबस्टेशनमधल्या एकशे दहा व्होल्टच्या बॅटऱ्यांची, त्यांनी जातीनं सांभाळलेल्या पंचावन्न सेलांची हकीकत सांगितली. बाईनं ती शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि म्हणाली, त्या शिशाच्या होत्या साहेब, त्यांची जात वेगळी. यावर साहेबांच्या कपाळावर जी आठी चढली ती बाई जाईपर्यंत उतरली नाही. मर्यादेला त्यांनी हात लावू दिला नाही. बाईनं कामाच्या कागदावर लिहिलं, ‘ग्राहकाने मर्यादा बदलू दिली नाही’, आणि सही मागितली. साहेबांनी लाल पेननं सही केली आणि तिचं अक्षर गचाळ असल्याचा शेराही बाजूला मारला.

जाताना बाई खिडकीशी माईपाशी थांबली. दोघी हळू आवाजात काहीतरी बोलल्या. माईनं तिच्या कोटाचं लोंबणारं बटण तिथल्या तिथे लावून दिलं.

शनिवारी साहेबांनी कंपनीला तक्रार पाठवली. दीड पान. अपुरं ज्ञान, उद्धट भाषा, ज्येष्ठ अभियंत्याचा पाणउतारा; असा कर्मचारी घरोघरी पाठवणं धोक्याचं आहे, योग्य ती कारवाई व्हावी. त्यांनी ते माईला मोठ्यानं वाचून दाखवलं. माई म्हणाली, ती उद्धट नव्हती. साहेब म्हणाले, तुला तांत्रिक भाग कळत नाही. माईनं दोरा तोडला आणि गप्प बसली. तिचं गप्प बसणं म्हणजे होकार, असं साहेब सदतीस वर्षं धरून चालले होते.

पण आकडे हा एकच देव साहेब मानायचे, आणि मंगळवारी आकड्यांनी त्यांचा घात केला. माई खिडकीशी बसलेली असताना त्यांनी मुद्दाम मेन स्विच पाडला आणि स्टुलावर, त्याच स्टुलावर, घड्याळ घेऊन बसले. स्क्रीनवर एकोणऐंशी. दोन तास दहा मिनिटांनी, एकसष्टवर, सगळं बंद. त्यांनी कागदावर हिशेब मांडला, खोडला, पुन्हा मांडला. अठरा टक्के म्हणजे पावणेदोन युनिटं. एवढ्यावरच जर बॅटरी कोरडी होत असेल, तर एकोणऐंशी हे एकोणऐंशी नव्हतं, वीसच्याही खाली होतं. उलटसुलट कसंही मांडा, उत्तर त्या डिप्लोमावाल्या बाईच्या बाजूला जाऊन उभं राहायचं. साहेबांनी कागदाचे बारीक तुकडे केले. पंधरा वर्षांच्या मुलानं प्रगतिपुस्तक फाडावं, तसा हा एक अख्ख्या सबस्टेशनला थरथर कापायला लावणारा माणूस तुकडे करत बसला होता.

बुधवारी सकाळी सहाची नोंद केल्यावर त्यांनी आजूबाजूला बघितलं. माई वर झोपलेली. त्यांनी पासवर्ड घातला आणि मर्यादा शंभरवर नेली. पासवर्ड दुसऱ्या खेपेला लागला.

दिवसभर ऊन लख्ख होतं. बॅटरी पीत राहिली. स्क्रीनच्या हिशेबानं ऐंशीची शंभर व्हायला दोन युनिटं लागायला हवी होती. दुपारपर्यंत तिनं पाच गिळली आणि नव्व्याण्णववर जाऊन ठाण मांडलं. संध्याकाळी नव्व्याण्णव. गुरुवारी दिवसभर नव्व्याण्णव. साहेब जिन्यावरून जाता-येता तिच्याकडे असं बघायचे, जणू ती त्यांना मुद्दाम छळते आहे. हात लावू नका, घाबरू नका, असं ती बाई म्हणाली होती. त्यांनी हात लावला नाही. शुक्रवारी तिसऱ्या प्रहरी स्क्रीन शंभरवर गेला आणि सोळाच्या सोळा सेलांचे आकडे एका ओळीत आले, त्यांनी आयुष्यात पाहिले नव्हते इतके सरळ. साहेबांना क्षणभर आनंद झाला. हे त्यांचं त्यांनाच इतकं लाजिरवाणं वाटलं की ते उठून बागेला पाणी घालायला गेले.

आणि रजिस्टरात त्यांनी लिहिलं: बुधवार संध्याकाळ, ऐंशी. गुरुवार सकाळ, एकोणऐंशी. गुरुवार संध्याकाळ, ऐंशी. शुक्रवार, ऐंशी. शेरा, ठीक. चाळीस वर्षांच्या नोकरीत ज्या माणसानं एक नोंद खोटी केली नव्हती, आणि खोट्या नोंदीपायी दोघांची बढती अडवली होती, तो आपल्याच घरच्या वहीत, कुणी तपासायला येणार नसताना, खोटे आकडे लिहीत होता. पण बाईचं बरोबर होतं हे कागदावर येण्यापेक्षा तेच त्यांना परवडत होतं. शनिवारी संध्याकाळी त्यांनी मर्यादा पुन्हा ऐंशीवर आणून ठेवली, म्हणजे लेकीला स्क्रीनवर हवा तोच आकडा दिसावा.

रविवारी सकाळी सहाला स्क्रीनवर चौऱ्याऐंशी होते. रात्रीच्या वापरानं उतरायला हवे होते तितके उतरले नव्हते. बॅटरी सुधारली होती, त्याला कोण काय करणार. साहेबांनी इलेक्ट्रिक किटली लावली. मग पुन्हा लावली. मग इस्त्री तापवून नुसतीच उभी करून ठेवली. एरवी माईनं किटली अर्ध्याहून जास्त भरली तर तिला जाब द्यावा लागायचा. त्या सकाळी तिला न मागता दोन वेळा चहा वर मिळाला. तिनं दुसरा कप हातात घेऊन साहेबांकडे नीट बघितलं, पण विचारलं काही नाही. साडेआठला स्क्रीन ऐंशीवर आला तेव्हा साहेबांनी कपाळ पुसलं.

नऊला वीज गेली. लेक वेळेवर हजर होती, खुर्ची ओढून थेट स्क्रीनसमोर बसली. फ्रिज चालू राहिला, पंखा चालू राहिला. दहाला माई जिन्याच्या खुर्चीतून खाली आली, अकराला लेकीच्या सांगण्यावरून उगाच वर गेली, पुन्हा खाली आली. मध्ये न्हावी डोकावून गेला, गरज लागली तर हाक मारा म्हणाला. साहेबांनी त्याच्याकडे बघितलं नाही. एक वाजला, वीज आली. स्क्रीनवर त्रेपन्न. चार तासांत पावणेतीन युनिटं, हिशेब कागदाला कागद जुळावा तसा जुळलेला. लेक उठली, तिनं मोकळा श्वास सोडला आणि म्हणाली, ठीक आहे बाबा, मी हरले. आई राहू दे इथे.

इथे थांबले असते तर साहेब वाचले असते. पण जिंकलेल्या माणसानं गप्प बसायचं असतं हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, आणि शिकवायला जाणाऱ्याला त्यांनी तीस टक्के दिले असते. ते स्क्रीनसमोर उभे राहिले आणि छडी नसलेल्या हातानं छडी दाखवावी तसं बोट रोखून बोलू लागले. बघ, ऐंशी. तीन वर्षं ऐंशी. ती बाई म्हणत होती शंभर करा. केली असती तर आज आपण अंधारात असतो. मी जोडण्या तपासल्या, एक स्क्रू सैल होता, आवळला, संपला विषय. डिप्लोमा म्हणे. अशांना घरात घेणंच चुकीचं. कंपनीकडून मला फोनही आला होता, तिला कामावरून थांबवलंय, चौकशी चालू आहे. चांगलं झालं.

माईनं हातातला सदरा खाली ठेवला.

“थांबवलंय?” तिनं विचारलं. “कधी?”

“गुरुवारपासून.”

“म्हणजे बॅटरी नव्व्याण्णववर होती तेव्हा.”

माई खुर्चीत बसून दिवसातून चार वेळा त्या स्क्रीनसमोरून जायची, दीड-दीड मिनिट, आणि त्या दीड मिनिटात दुसरं बघायला जिन्यावर काही नव्हतं. चाळीस मिनिटं काळा स्क्रीन बघितल्यापासून तर ती त्याच्यावरची नजर काढतच नव्हती. साहेबांनी जगातल्या सगळ्यांची नोंद ठेवली होती. आपली नोंद ठेवणारी समोरून खुर्चीत बसून जाते, हे मात्र त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

लेकीनं रजिस्टर उघडलं, गुरुवार बघितला, वडिलांकडे बघितलं आणि रजिस्टर बंद केलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. शेजारच्या माणसाच्या तोंडाला दुर्गंधी येत असताना सभ्य माणूस चेहरा करतो तसा तो होता, आणि साहेबांनी आयुष्यभर हा चेहरा फक्त स्वतः केला होता, दुसऱ्याच्या तोंडावर कधी बघितला नव्हता.

“तेवढं पत्र मागे घ्या,” माई म्हणाली. “ती बरोबर होती असं लिहा. बाकी मला काही नको.”

साहेबांनी घसा साफ केला. ते म्हणाले, प्रश्न तत्त्वाचा आहे. तिचं निदान योगायोगानं जुळलं असेल, पण बोलण्याची पद्धत. आणि ज्येष्ठ माणसानं लेखी माघार घेतली तर उद्या कुणीही उठून. माई ऐकत होती, पूर्वीसारखीच गप्प. ते थांबले तेव्हा ती लेकीकडे वळली.

“माझी बॅग भर. औषधं वरच्या कप्प्यात आहेत.”

“अगं, पण बॅटरी चालली ना?” साहेब म्हणाले. हे मात्र त्यांनी माईलाच विचारलं.

“चालली. ती तुमच्यापेक्षा बरी निघाली. तिनं तीन दिवसांत ऐकलं.” माई काठी घेऊन उठली. “मला इथेच राहायचं होतं हो. भिंतीकडच्या खिडकीत जाऊन बसायची मला हौस नाही. पण त्या दिवशी जिन्यावर अडकले तेव्हा वाटलं, यंत्र बिघडलंय. आज कळलं, बिघाड कुठे होता. तुम्हाला तो माहीत होता आणि तुम्ही ‘ठीक’ लिहिलंत.”

न्हाव्यानं बॅग गाडीपर्यंत नेली. साहेब दारात उभे राहून बघत होते. वायर तुडवू नका म्हणायलाही कुठे वायर नव्हती.

पुढचे दिवस बॅटरीला काही कामच उरलं नाही. एका माणसाचा चहा, एका माणसाचा पंखा. साहेबांनी खुर्चीच्या दोन छोट्या बॅटऱ्या माळ्यावरून शोधून काढल्या, पुसल्या आणि जागच्या जागी बसवल्या. रिकामी खुर्ची वर पाठवली, खाली आणली. मेन पाडून पुन्हा वर पाठवली. निर्दोष चालली. बुधवार ते शनिवारच्या खोट्या नोंदी त्यांनी लाल पेननं कापल्या, वर खरे आकडे लिहिले आणि प्रत्येक दुरुस्तीखाली सही केली. हे सगळं सोपं होतं, कारण बघायला कुणी नव्हतं.

आठव्या दिवशी त्यांनी कंपनीला पत्र लिहिलं. चार खर्डे झाले. पाचवा असा होता: ‘सदर तक्रार अंशतः मागे घेण्यात येत आहे. संबंधित कर्मचाऱ्याचे निदान बऱ्याच अंशी योग्य होते. कारवाई सौम्य करण्याबाबत विचार व्हावा.’ त्यांनी ते तीनदा वाचलं आणि आपल्या दिलदारपणानं त्यांचेच डोळे पाणावले. इतकं उदार पत्र त्यांच्या हातून कधीच गेलं नव्हतं. त्यांनी ते कंपनीला धाडलं, त्याचा फोटो लेकीच्या फोनवर पाठवला, आईला दाखव असं लिहिलं, आणि खिडकीशी जाऊन बसले. तासाभरात गाडी दारात येईल अशा बेतानं त्यांनी किटलीही भरून ठेवली, पूर्ण.

गाडी आली नाही. संध्याकाळी साडेचारला लेकीचा निरोप आला, दोन ओळींचा. ‘आईनं वाचलं. म्हणाली, ऐंशी झालेत. शंभर झाले की न्यायला या.’

साहेबांनी कोरा कागद पुढ्यात घेतला. तारीख घातली. ‘सदर तक्रार’ लिहिलं. ‘पूर्णतः मागे घेत आहे’ इथपर्यंत यायला पाऊण तास लागला, पण आले. मग ‘बाईंचे निदान बरोबर होते’ लिहिलं, पुढे ‘आणि माझे’ लिहिलं, आणि पेन अडलं. पुढचा शब्द त्यांना येत होता. तो त्यांनी दुसऱ्यांच्या अहवालांत शेकडो वेळा, एका झटक्यात लिहिला होता. पेन कागदावर टेकवून ते तसेच बसून राहिले. भिंतीवरच्या घड्याळात सहा वाजले, नोंदीची वेळ झाली, तीन वर्षांत पहिल्यांदा ती टळली, तरी साहेब जागचे हलले नाहीत.